राजाला घर सापडेना

एका राज्यात, जिथं कावळे राजाला विचारून ओरडायचे आणि मांजरं प्रधानाला विचारून दूध चोरायची, तिथं एक राणी होती. नाव हौसा. नवरा राजा उदेभान, तो गेलेला दूर स्वारीवर. महालात राणी आणि तिची बोलकी साळुंकी.

साळुंकी म्हणजे मेली नारदाची नात! दिवसभर पंचक्रोशीतले महाल हिंडायची, संध्याकाळी खिडकीत बसून सांगायची, "राणीसाहेब, तिकडं झुंबरं आली. तुमच्याकडं अजून समयाच? तिकडं पायाखाली काचेसारखा दगड. तुमच्याकडं अजून मातीच?"

हौसा भरलं ताट बाजूला सारायची.

एके दिवशी चिंचेखालची चेटकीण तांब्याचा हंडा घेऊन आली. म्हणाली, "हात घाल. दुसऱ्याच्या महालात असेल ते तुझ्या हाती येईल."

हौसाने हात घातला. झुंबर निघालं. पुन्हा घातला. गालिचा निघाला. मग काय, खाज सुटल्यासारखा हात चालला! चकचकीत फरशी निघाली, चांदीचे मोर निघाले, भिंतीला टांगायला दुसऱ्यांचे आजे-पणजेसुद्धा निघाले. हंडा शापित आहे का, हे विचारायला सवड कुणाला?

राजा परतला. दारात उभा राहिला. आत बघितलं, बाहेर बघितलं, हात जोडले. "चुकलो, बाई. हे घर कुणाचं?"

"अहो, तुमचंच! मी हौसा!"

"थट्टा नको. आमच्या हौसाच्या घरात पाऊल टाकलं की डोळे मिटायला लागतात. इथं तर बसायचीही भीती वाटते."

असं म्हणून राजा धर्मशाळेत निजायला गेला. रोज दिवेलागणीला यायचा, महालासमोर उभा राहायचा, पुटपुटायचा, "इथंच कुठंतरी होतं," आणि माघारी जायचा. हौसा दाराआडून बघायची. सगळा महाल भरलेला, आणि तिला आठवायचं काय? तर राजा जेवून तिथंच भुईवर कलंडायचा, ते.

शेवटी ती चिंचेखाली गेली. "शाप कसला घातलास?"

चेटकीण दात नसलेलं हसू हसली. "चारचौघींच्या डोळ्यांनी सजवलेलं घर घरच्यांना दिसत नाही. उद्या राजा घर शोधायला परमुलखात निघेल. मग नाही यायचा."

"उतारा सांग."

"तीन कामं. हंडा तळ्यात बुडव. डोंगराची तांबडी माती डोक्यावर आण. आणि तुझ्या जिवाला रुचेल तसं घर कर. काम होईतो मागं वळून बघायचं नाही. वळलीस की शिळा."

हौसा हंडा घेऊन निघाली. मागून साळुंकी ओरडली, "राणीसाहेब! दक्षिणेत आता भिंतींना शिंपले लावतात हो!" हौसाची मान शिवशिवली. तिने पदर दातांत धरला आणि हंडा पाण्यात सोडला. महालातली झुंबरं वटवाघळांसारखी रांगेनं उडाली. दुसऱ्यांचे आजे-पणजे पागोटी सावरत आपापल्या घरी गेले. फरशीही गेली.

मग माती. पाटी डोक्यावर घेऊन हौसा सरदारांच्या आळीतून चालली. मागून खुसखुस झाली. "अगं बाई, राणी की वडारीण?" "महाल म्हणे रिकामा झाला!" कान तापले, पण मान हलली नाही.

तिसरं काम सोपं वाटलं होतं. माती पुढ्यात ओतून ती बसली, आणि तिला काही सुचेना. आपल्याला काय आवडतं, हेच आठवेना! इतकी वर्षं ते सांगायला साळुंकी होती. हौसा रडली. रडता रडता हात मातीत गेला. शेण कालवलं, पाणी घातलं, आणि ती सारवायला लागली.

हात डावा. इतर बायकांच्या सारवणात बोटांच्या चंद्रकोरी एका बाजूला वळतात, हौसाच्या दुसऱ्या. माहेरी आई म्हणायची, "उलट्या हाताची माझी बाय, तू मागचं अंगण सारव, तिकडं कोण बघतंय?" आणि मागच्या अंगणात परकरातली हौसा गाणं म्हणत मनासारखं सारवायची, ओल्या मातीचा वास नाकात भरून घ्यायची. ते गाणं आता ओठांवर आलं. कोरीशेजारी कोर, कोरीशेजारी कोर, अशी ती मागं मागं सरकत दाराकडं आली. साळुंकी काय बोलत होती ते तिला ऐकूच आलं नाही.

दिवेलागण झाली. मागं पावलं वाजली, उंबऱ्याशी थबकली. कुणीतरी लांब श्वास घेतला.

"या राज्यात अशी उलटी कोर एकच बाई काढते," राजाचा आवाज आला. "हौसा?"

काळीज उडालं तिचं! पण शेवटची कोर राहिली होती. मान न वळवता ती खेकसली,

"थांबा तिथंच! ओलं आहे अजून. पाय उमटवाल."

"बरं," राजा म्हणाला, आणि तलवार बाजूला ठेवून उंबऱ्यावर बसला.

हौसाने शेवटची कोर ओढली, हात पुसला आणि वळून बघितलं. राजा बसल्या जागीच, चौकटीला डोकं टेकून, घोरत होता.

त्यांची जमीन वाळली, आपली गोष्ट सरली.