ज्ञाननकाशातले बाण

विषय : नगरपालिकेच्या भुयारी गटार विभागाचा ज्ञाननकाशा.
संदर्भ : मालनबाई तांडेल यांचा बदलीचा अर्ज.

विभागात कोणाला काय ठाऊक आहे, हे दाखवणारा नकाशा दिघावकर साहेबांनी भिंतीवर लावला. प्रत्येक टेबलावरून निघालेला बाण मधल्या ‘साहेब’ लिहिलेल्या चौकोनात शिरत होता. आजारी आईच्या गावी बदली मागणारा मालनबाईंचा अर्जही तिथेच शिरला होता.

“काय मालनबाई, चूक सापडते का काही?” साहेबांनी सगळ्यांदेखत विचारले.

“छे हो साहेब. सगळं आत जातंय, बाहेर काहीच येत नाही. एरवी कुठे तुंबलंय ते शोधायला आपल्याला रस्ता खणावा लागतो. तुम्ही तर नकाशाच दिलात.”

दुसऱ्या दिवशी नकाशावर बाहेर जाणारा एक बाण रंगवण्यात आला.

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.