प्रोसेसरची अकोल्यातली चाचणी

“...आणि दोष?”

“दोष म्हणावा असा काही नाहीच, सर.” निशिकांत हसला. “आठ दिवस तपासलाय. या किमतीत इतका वेगवान प्रोसेसर दुसरा नाही.”

टेकाडे सर अहवालाची पानं उलटत राहिले. अकोल्याच्या तंत्रनिकेतनात तीस वर्षं शिकवून ते निवृत्त झाले होते. निशिकांत त्यांचा लाडका विद्यार्थी. आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नवे प्रोसेसर तपासायचा. तालुक्यातल्या मुलींच्या शाळेला हाच प्रोसेसर असलेले चाळीस संगणक घ्यायचे होते. शाळेने निवड सरांवर सोपवली होती आणि त्यांनी होकार दिला की उद्याच ऑर्डर जाणार होती. निशिकांत सल्ल्यासाठी आलो म्हणत होता, पण खरं तर त्याला शाबासकी हवी होती. नमुन्याचा संगणकसुद्धा मिरवायला सोबत आणला होता.

“इथं चालव बरं एकदा,” सर म्हणाले.

चाचणी सुरू झाली. वेगाचा आकडा झकास आला. निशिकांतने ऐटीत सरांकडे पाहिलं.

सर उठले. त्यांनी कूलर बंद केला. मग छताचा पंखाही.

“सर, बाहेर पंचेचाळीस आहे!”

“शाळेवर टिनाचं छप्पर आहे. चालू दे.”

दोघं बसून राहिले. सदरे अंगाला चिकटले. संगणकातला छोटा पंखा केकाटायला लागला. पाऊण तासाने आकडा निम्म्यावर आला.

निशिकांतने दचकायला हवं होतं. तो दचकला नाही, आणि तेच सरांनी पाहिलं.

“तुला ठाऊक होतं.”

निशिकांतने संगणकाची वायर उगाच सारखी केली.

“बोल ना बापा.”

“चौथ्या दिवशी आमचा ए.सी. बंद पडला होता, सर. तेव्हाही असंच झालं.” तो म्हणाला. “ते आकडे मी अहवालात घेतले नाहीत.”

“काऊन?”

“वाटलं, दोष खोलीचा आहे... आणि तोवर मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो.”

सरांनी अहवाल मिटून त्याच्यापुढे सरकवला. ओरडले असते तर निशिकांतला सुटल्यासारखं वाटलं असतं. आकडा कसा नोंदवायचा हे त्याला याच माणसाने हात धरून शिकवलं होतं, आणि याच माणसापुढे तो गाळलेले आकडे घेऊन ऐटीत बसला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान काही वर होईना.

त्याने पेन काढलं. ‘गुण’ या मथळ्याखालची वाक्यं एकेक करून खोडली. एकही उरलं नाही.

“आता इथे काय लिहू, सर?” तो पुटपुटला.

सरांनी तापलेल्या संगणकावर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला...

“झेपेनासं झालं की हा लपवत नाही,” ते म्हणाले. “तेवढंच लिही.”