शेवटच्या दोन हजार वाती

ज्या गावाच्या पाटीवर कुणी कधी नावच रंगवलं नाही, अशा एका आडगावात गोदी नावाची मुलगी राहायची. आठ वर्षांची, काडीसारखी बारीक. तिच्या परकराला इतकी ठिगळं होती, की मूळ कापड कुठलं ते तिलाही सांगता आलं नसतं. गेल्या वर्षी तिची आई तापात गेली. तेव्हापासून ती एका शेजाऱ्याच्या गोठ्यात झोपायची, शेण काढायची आणि मिळेल ती शिळी भाकरी खायची. तिची वाट पाहणारं घरात कुणी नव्हतं, कारण घरच नव्हतं.

नाही म्हणायला एक यमूआत्या होती. ती काही गोदीची सख्खी आत्या नव्हे, ती साऱ्या गावाची आत्या. गावाबाहेर देवकापशीच्या बागेत तिची झोपडी होती. पिवळ्या फुलांची, संध्याकाळी गुलाबी होणाऱ्या फुलांची ती बाग. तिथल्या पांढऱ्याशुभ्र कापसाच्या आत्या वाती वळायची.

आत्याने लाख वातींचा नेम धरला होता. फार वर्षांपूर्वी तिची तान्ही मुलगी तानी देवाघरी गेली. एवढंसं लेकरू अंधाऱ्या वाटेवर एकटं कसं चालेल, या काळजीने आत्या रोज दहा वाती वळू लागली. प्रत्येक वात वळताना ती देवाचं नाव घ्यायची आणि म्हणायची, "हिचा उजेड माझ्या तानीला." लाख वाती झाल्या, की तुपात भिजवून सगळ्या एकदम पेटवायच्या होत्या.

अठ्ठ्याण्णव हजार वाती झाल्या आणि आत्याची बोटं आखडली. कापूस धरायला जावं, तर कळ मनगटापर्यंत जायची.

"देवाने पाठ फिरवली गं बयो," आत्या म्हणायची. "दोन हजारांसाठी अडकले मी. आता माझी तानी अंधारातच राहणार."

हे ऐकून गोदी बागेत जायची. ती आत्यासाठी रोज कापूस वेचून ठेवायची, आणि तो तसाच पडून राहायचा.

एके दिवशी वेचताना तिला एक बोंड दिसलं. कोळ्याच्या जाळ्यात गुरफटलेलं, दवाने चिंब झालेलं, इवलंसं. आत काहीतरी थरथरत होतं. गोदीने हलकेच एकेक धागा सोडवला आणि बोंड ओंजळीत धरून त्यावर ऊबदार फुंकर घातली. टप्पकन बोंड उमललं आणि आतून अंगठ्याएवढी परी बाहेर आली! कापसाचा घेरदार झगा, पिवळ्या पाकळीचे पंख आणि केसांत दवाचे चमचमणारे मणी.

"तीन दिवस अडकले होते मी," परी म्हणाली. "कुणी वाकून पाहिलं नाही. माग गोदे, तीन गोष्टी माग."

गोदीच्या तोंडून पटकन निघालं, "माझी आई."

परीचे पंख मिटले. "गेलेलं माणूस मला आणता येत नाही, बाळ. हा पहिला नियम. आणि दुसरा नियम ऐक. ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचार. न विचारता मागितलंस तरी मी देईन, पण ते गोड लागणार नाही."

गोदीने डोळे पुसले. मग तिला आत्याची आठवण झाली आणि ती हरखून गेली.

"आत्याच्या उरलेल्या वाती होऊ देत! सगळ्या, आत्ताच्या आत्ता!"

"तिला विचारलंस?"

"तिला काय हवंय ते मला माहीत आहे."

मोठी शहाणी माणसंही म्हाताऱ्या माणसांबद्दल असंच म्हणतात, तिथे गोदीला काय बोल लावायचा?

परीने पंख हलवले. झोपडीत रुपेरी झगमगाट झाला, आणि आत्याच्या पुढ्यात दोन हजार वाती येऊन पडल्या. एकसारख्या, रेशमासारख्या, देखण्या. गोदी टाळ्या पिटत आत धावली.

आत्या त्या वातींकडे बघत रडत होती.

"ह्या कुणी वळल्या गं? ह्यांत नाव कुठंय? माझ्या तानीची आठवण कुठंय? आणि नेम असा परस्पर संपला, तर उद्या सकाळी उठून मी करू काय?"

गोदीचं तोंड एवढंसं झालं. बाहेर येऊन ती परीला म्हणाली, "परत घे. चुकलं माझं." दुसरी इच्छा अशी खर्ची पडली. मग तिने, उशिरा का होईना, आत्याला विचारलं.

"आत्या, तुला काय हवंय?"

आत्याने डोळे पुसले. असं कुणी विचारून किती वर्षं झाली होती!

"माझ्याजवळ बस रोज," ती म्हणाली. "एकटीने देवाचं नाव घ्यायचा कंटाळा आलाय मला."

याला परी कशाला लागते? गोदी रोज येऊ लागली. आत्या कापूस धरायची, गोदी आपली चिमुकली बोटं तिच्या बोटांवर ठेवून पीळ द्यायची, आणि नाव दोघी मिळून घ्यायच्या. कधी पाच वाती व्हायच्या, कधी पंचवीस. आत्या अर्धी भाकरी गोदीपुढे सरकवायची. देवाचं तोंड पुन्हा इकडे वळलं की काय कोण जाणे, पण आत्या हसायला लागली. दिवस गेले, महिने गेले. वाती वाढत होत्या आणि आत्या मात्र झिजत होती. ते गोदीला दिसत होतं.

कार्तिकात लाखावी वात झाली. बायकांनी घरोघरचं तूप आणून दिलं. दिवेलागणीला भल्यामोठ्या परातीत लाख वाती पेटल्या. केशरी, सोनेरी, निळसर ज्योती! सारी बाग उजळली. बायका नमस्कार करून परतल्या. आत्याला बसवेना, तिने गोदीच्या मांडीवर डोकं टेकलं.

गोदीची एक इच्छा अजून बाकी होती. परी तिच्या खांद्यावर येऊन बसली. काय मागायचं ते गोदीच्या ओठांवर आलं होतं. पण तिने आधी विचारलं.

"आत्या, तुला अजून जगायचंय ना?"

"नाही गं बयो. थकले मी. आता जायचंय," आत्या म्हणाली. "पण भीती वाटते."

गोदीला ओरडून सांगावंसं वाटलं, की मला जगायचंय तुझ्याबरोबर, जाऊ नकोस. ती तसं बोलली नाही.

"हिची भीती जाऊ दे," ती परीला म्हणाली.

परीने तिच्या गालावरचं पाणी टिपलं. "स्वतःसाठी काहीच नाही मागितलंस, गोदे." मग तिने त्या लाख ज्योतींत झेप घेतली. शुभ्र प्रकाश उसळला, झाडांच्या शेंड्यांपर्यंत गेला आणि परी त्यात विरून गेली.

आत्याच्या कपाळावरच्या आठ्या निवळल्या. ती डोळे मिटून हसली.

"एक सांगू? शेवटच्या शंभर वाती तानीच्या नव्हत्या."

"मग कुणाच्या?"

"उजेड कुणाला ते मी मनातच म्हणत होते, म्हणून तुला ऐकू आलं नाही. तुझ्या होत्या. तुला नको होय उजेड?"

पहाटे आत्या गेली. पुढे गावाने झोपडी आणि बाग गोदीच्या नावाने करून दिली, आणि गोदी पुन्हा कधी गोठ्यात झोपली नाही. पण त्या पहाटे तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आत्याचा आखडलेला हात हातात घेऊन पोटभर रडली, आपल्या माणसासाठी रडतात तशी.