गारमलईचा संचा

ज्या काळी बर्फ डोंगरावरून खेचरांच्या पाठीवर बसून खाली यायचा, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा राजा कोण होता ते कोणाला आठवत नाही, आणि आपल्या गोष्टीला राजा लागतही नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, एवढं पुरे.

त्या गावचा उन्हाळा कडक, पण डोंगराचा माथा बारा महिने पांढरा. खेचरवाले वरून बर्फाच्या लाद्या तोडायचे, त्या भाताच्या तुसात आणि गोणपाटात गुंडाळून खाली आणायचे. त्या बर्फाच्या जिवावर गावात एक पदार्थ होई. आज आपण त्याला आइस्क्रीम म्हणतो. तेव्हा हा शब्द कोणाच्या कानावर आलेला नव्हता. ते म्हणत गारमलई.

गारमलई करायला संचा लागे. एक लाकडी बादली, तिच्यात उभा राहील असा कल्हई केलेला तांब्याचा डबा, डब्याच्या आत दूध घुसळणारी लाकडी पाती आणि वर फिरवायचा दांडा. आटवलेलं दूध डब्यात घालायचं, डबा बादलीत ठेवायचा, भोवती बर्फ आणि खडेमीठ ठासायचं आणि दांडा फिरवत राहायचं. मीठ बर्फाला वितळवतं, वितळता वितळता बर्फ दुधातली सगळी ऊब ओढून घेतो, आणि दूध हळूहळू गोठत जातं. ऐकायला सोपं आहे. पण ज्यानं एकदा तरी तो दांडा फिरवलाय, त्याच्या खांद्याला विचारा.

अख्ख्या गावात असा संचा एकाच घरी होता. त्या घरात दोन जावा होत्या. थोरलीचं नाव कावेरी आणि धाकटीचं मैना, पण गाव त्यांना थोरली आणि धाकटी एवढंच म्हणे. संचा त्यांच्या सासूचा. सासू असेपर्यंत दांडा तिच्या हातात आणि बादली थोरलीच्या गुडघ्यांत, असा रिवाज होता. धाकटी तेव्हा नवी होती. ती वेलदोडे सोलायची.

सासू गेली आणि दुसऱ्याच वर्षी नणंदेचं लग्न निघालं. थोरली स्वयंपाकात गळ्यापर्यंत बुडालेली, म्हणून गारमलई धाकटीकडे आली. मागच्या पडवीत ती एकटीच संचा घेऊन बसली. तिथं काय घडलं ते तिचं तिलाच ठाऊक.

पंगत बसली. वाट्या फिरल्या. वरपक्षाच्या मंडळींनी पहिला घास घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. गारमलई खारट झाली होती. नवरदेवाच्या आत्याबाईंनी वाटी बाजूला सारत विचारलं, "तुमच्याकडे लोणचं गोड करतात का हो?"

सगळी पंगत हसली. थोरलीचा चेहरा लाल झाला. ती भर पंगतीत म्हणाली, "हिच्या हाताला धीरच नाही. हिला काम सांगितलं ही माझीच चूक."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याबरोबर तोंडात खोटं आलं. "झाकण तुम्ही सैल बसवून गेलात, जाऊबाई. मी काय करणार?"

झालं. महिन्याभरात चुली वेगळ्या झाल्या. अंगणात मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. भांडी वाटली, पाटे-वरवंटे वाटले, आणि संच्यापाशी येऊन गाडं अडलं. थोरली म्हणे माझा, धाकटी म्हणे माझा. शेवटी सासरे वैतागून म्हणाले, "मग घ्या वाटून!"

आणि दोघींनी तो खरोखरच वाटून घेतला. बादली थोरलीनं नेली, दांड्यासकट डबा धाकटीनं.

त्यानंतर सात उन्हाळे गेले. थोरलीच्या बादलीत गुरांची पेंड भिजू लागली. धाकटीच्या डब्यात तूरडाळ राहू लागली. गावातला सुतार नवी बादली करून द्यायला तयार होता, तांबट नवा डबा ठोकून द्यायला. पण दोघींपैकी एकीनंही तसं सांगितलं नाही. नवं करायला सांगायचं म्हणजे जुन्यावाचून अडतंय हे कबूल करायचं.

सासरे मात्र दोन्ही चुलींचे होते. एक महिना थोरलीकडे जेवत, एक महिना धाकटीकडे. कधी इकडचं तिकडे बोलले नाहीत. म्हातारा खाण्याचा शौकीन आणि बोलण्याचा कंजूष.

त्या वर्षी त्यांना हजार पौर्णिमा पुऱ्या होणार होत्या. मुलांनी मोठं जेवण घालायचं ठरवलं. सारं गाव येणार. तो महिना धाकटीकडचा होता. ताटात भात वाढता वाढता तिनं विचारलं, "मामंजी, त्या दिवशी गोड काय करू? पुरणपोळी करू की श्रीखंड?"

"हजार चंद्र बघून झाले, पोरी. डोळ्यांना आता काही नको," म्हातारबाबा म्हणाले. "जिभेला मात्र एक हवंय. तुझ्या सासूची गारमलई."

धाकटीचा हात थांबला. "ती कशी होणार, मामंजी? संचा तर…"

"ते मला काय ठाऊक? मी खाणारा माणूस. आमटी वाढ."

जेवणाच्या दिवशी सकाळी खेचरवाला एक ओझं बर्फ टाकून गेला. उन्हाळ्यातला शेवटचा फेरा होता. पुन्हा आणायचा म्हटला तरी चार दिवस लागले असते. धाकटीनं तूरडाळ परातीत ओतली, डबा चिंचेनं घासून लखलखीत केला, आदल्या दिवशी आटवून ठेवलेलं दूध, साखर आणि आंब्याचा रस त्यात ओतला. आणि थोरलीकडे जायचं नाही म्हणून बादलीच्या जागी घरातलं मोठं घंगाळ घेतलं.

घंगाळ पसरट. डबा त्यात उभा राहीना. एक हात दांड्याला आणि एक डब्याला, अशी ती फिरवू लागली. चार फेरे झाले नसतील, तोच डबा कलंडला. झाकण घट्ट होतं म्हणून दूध वाचलं, पण बर्फ घरभर झाला. तिचा नवरा दारात उभा राहून बघत होता.

"हसू नका," ती म्हणाली.

"हसलो कुठं?"

"मग जा आणि त्यांच्याकडून बादली मागून आणा. मी मागितली म्हणू नका. मामंजींना हवीय म्हणा."

तो गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. "वहिनी म्हणाल्या, बादली मिळेल. पण बादली एकटी येणार नाही, मी बरोबर येईन."

धाकटीनं बर्फाकडे पाहिलं. गोणपाटाच्या खालून पाण्याचा ओघळ उंबऱ्याकडे निघाला होता. मनात आलं, सांगावं की नको तुमची बादली. मग तिला म्हातारबाबांचा तो शब्द आठवला, जिभेला मात्र एक हवंय. अख्ख्या आयुष्यात त्यांनी सुनांकडे मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती.

"या म्हणावं," ती म्हणाली.

थोरली आली. बादली कमरेवर होती. आतून बाहेरून इतकी घासलेली, की पेंडेचा मागमूस नव्हता. एवढी घासायला दोन दिवस तरी लागले असतील, म्हणजे मामंजींची इच्छा तिच्याही कानावर गेली होती, हे धाकटीच्या लक्षात आलं.

दोघी पडवीत समोरासमोर बसल्या. थोरलीनं बादली गुडघ्यांत आवळून धरली, डबा आत उभा केला, भोवती बर्फाचा एक थर, मिठाची मूठ, पुन्हा बर्फाचा थर, असं ठासत गेली. धाकटीनं दांडा धरला. गर्र, गर्र, आवाज सुरू झाला.

सात वर्षांत त्या एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आता बोलल्या, त्या अशा:

"बर्फ."

"घाला."

"मीठ."

"आहे."

दांडा हलका फिरत होता. बादलीच्या काठाखालच्या भोकातून खारं पाणी ठिबकत होतं. धाकटीचा खांदा दुखू लागला, तिनं हात बदलला. पुन्हा बदलला. बाहेर अंगणात मांडव घातला होता, पाट मांडले जात होते, बायका पानं पुसत होत्या.

आणि मग दांडा जड झाला.

आधी थोडा, मग बराच. फिरेना. धाकटीनं जोर लावला, तशी मूठ कचकन थांबली. हे असंच झालं होतं! त्या लग्नाच्या दिवशीही अगदी असाच दांडा अडला होता. आत काहीतरी अडकलं, पाती मोडली, सगळं बिघडलं, असं तिला तेव्हा वाटलं होतं, आणि आताही तसंच वाटलं. तिचा हात आपोआप झाकणाकडे गेला.

"उघडू नकोस," थोरली म्हणाली.

"अडकलंय काहीतरी. बघते."

"मैना, उघडू नकोस!" सात वर्षांत पहिल्यांदा तिनं नाव घेतलं होतं. "अडकलेलं नाही. जमतंय ते. दूध घट्ट व्हायला लागलं की दांडा जडच होतो. आता झाकण काढलंस तर कडेचं खारं पाणी आत जाईल."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. झाकणावरचा हात तिनं काढला नाही. "जड झालं म्हणजे जमतंय?"

"हो."

"मग हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

थोरलीनं बर्फाचा एक खडा उगाचच इकडून तिकडे केला. "सासूबाईंनी मला शिकवलं होतं," ती शेवटी म्हणाली. "मला वाटायचं, घरात एक तरी गोष्ट अशी असावी जी मलाच येते. म्हणून नाही सांगितलं. आणि वर पंगतीत तुलाच बोलले."

धाकटीनं झाकणावरचा हात काढून मांडीवर ठेवला. तिला एकदम रडू आलं. "झाकण तुम्ही सैल बसवलं नव्हतं, जाऊबाई. मी उघडलं होतं. तीनदा. दांडा अडला की भीती वाटायची, उघडून बघायचे. मी खोटं बोलले."

"माहीत आहे."

"कसं?"

"झाकणाच्या कडेला तुझी हळदीची बोटं उमटली होती. संध्याकाळी घासताना दिसली."

"मग तेव्हाच का नाही म्हणालात?"

"काय म्हणणार? तुझी चूक बोटांएवढी होती. माझी त्याहून मोठी होती, आणि ती कुठंच उमटलेली नव्हती. तुझं दाखवायला गेले असते, तर माझं मला दिसलं असतं." थोरलीनं पदरानं नाक पुसलं. "आता रडत बसू नकोस गं. बर्फ वितळतोय. धर दांडा."

"एकटीनं फिरत नाहीये."

"मग सरक जराशी."

थोरली बादली गुडघ्यांत धरूनच पुढं झुकली. दांड्यावर चार हात आले. दोघींनी दात-ओठ खाऊन एक फेरा काढला, मग दुसरा, मग तिसरा. मध्येच थोरली म्हणाली, "अगं, माझं बोट!" आणि धाकटी रडता रडता हसली. दांडा पुढं जाईना तेव्हाच त्या थांबल्या. मग थोरलीनं झाकणाभोवतीचा बर्फ खाली सारला, फडक्यानं कडा दोनदा कोरडी पुसली आणि म्हणाली, "आता उघड. तूच उघड."

धाकटीनं झाकण काढलं. आत केशरी रंगाची गारमलई होती, पातीला घट्ट धरून बसलेली, कडेला बर्फाचे बारीक कण चमकत होते.

पंगत बसली. पहिली वाटी म्हातारबाबांपुढे आली. त्यांनी घास घेतला, डोळे मिटले. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. दोघी जावा खांबाआड उभ्या होत्या, एकीचा हात दुसरीच्या मनगटावर.

म्हातारबाबांनी डोळे उघडले. "वेलदोडा कमी आहे," ते म्हणाले.

"अगं बाई!" धाकटी म्हणाली. "वेलदोडा राहिलाच."

"बाकी तुमच्या सासूच्या हातच्यासारखी आहे," म्हातारबाबा म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढं केली. "आणखी घाल."

त्या दिवशी म्हातारबाबांनी चार वाट्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी घसा धरला, तरी तक्रार केली नाही. गावातल्या पोराटोरांनी पाती चाटून साफ केली. मोठ्यांनीही चाटली असती, पण लाजले.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्याच दिवशी चुली एक झाल्या. तसं काही झालं नाही. दोघी आपापल्या घरी आपापल्या हातचा स्वयंपाक करत राहिल्या, अधूनमधून शब्दाला शब्दही लागे. कधी मिठावरून लागे, कधी साखरेवरून. पण तेवढ्यावरून कोणी कोणाला टाकलं नाही. एक दिवस धुसफुस होई, दुसऱ्या दिवशी एक दुसरीच्या दारात भाजीची वाटी घेऊन उभी असे.

दर उन्हाळ्यात बर्फ आला की त्या पडवीत गारमलई होई आणि शेजारपाजारच्या लेकीसुना शिकायला येत. काही पहिल्यांदाच दांडा धरत. थोरली बर्फ आणि मीठ किती ते दाखवे. आणि दांडा जड होऊन शिकणारीचा हात घाबरून झाकणाकडे निघाला, की धाकटी तो हात अलगद धरून परत दांड्यावर ठेवी आणि आपला हात त्यावर ठेवून म्हणे, "अजून थोडं, बाळ. आता कुठं जमायला लागलंय."

तात्पर्य: हातातलं काम असो की मनातलं नातं, ते जड झालं म्हणून सोडू नये, घट्ट होणारी गोष्ट आधी जडच होते.