केरबानं पिशवी धरली

तालुक्याला लागून असलेल्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगानं धिप्पाड, मनानं सरळ. सांगितलेलं करायचं आणि सांगितलं तेवढंच करायचं, हा त्याचा स्वभाव. एकदा जमीन मोजायला आलेल्या साहेबानं त्याला बांधावर काठी धरून उभं केलं. हलू नको म्हणाला आणि जेवायला गेला. जेवून तो परस्पर घरी गेला. केरबा दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच सापडला. काठी सरळ होती.

ही हकिगत डॉक्टर वैजयंती मगदूम यांच्या कानावर गेली. तालुक्याला त्यांचा दवाखाना होता. सगळे त्यांना बाई म्हणत. बायकांच्या पोटावर मोठा छेद न घेता, बारीक भोकांतून दुर्बीण घालून त्या गर्भाशयाची पिशवी काढत. त्यासाठी खालच्या वाटेनं पिशवीत एक लांब दांडा घालून, पिशवी निसटू नये म्हणून खिट्टी फिरवून पक्का बसवावा लागतो. एकानं तो धरून, डॉक्टर सांगतील तशी पिशवी वर करायची, बाजूला न्यायची. लघवीच्या नळ्या तिथून अगदी जवळ. पिशवी वर ढकललेली असली की त्या कापायच्या जागेपासून लांब राहतात. धरणाऱ्याचा हात हलला तर अनर्थ. बाईंना वाटलं, आपल्याला हवा तो माणूस हाच.

केरबाची बायको सुलाबाई हिलाही आनंद झाला. नवऱ्याला सावलीतलं काम मिळालं. जाताना तिनं कापडी पिशवीत भाकरी बांधून दिली.

पहिलं ऑपरेशन सुरू झालं. केरबा दांडा धरून बसला. बाई म्हणाल्या, "केरबा, पिशवी वर उचला."

केरबानं दांडा सिस्टरच्या हातात दिला. बाहेर गेला. आपली भाकरीची पिशवी जमिनीवरून उचलून खुंटीला अडकवली. परत आला.

"उचलली," तो म्हणाला.

बाईंनी त्याला पुन्हा हात धुऊन यायला लावलं आणि कुठली पिशवी ते समजावलं. केरबाला पटलं. मग बाईंनी पिशवी डावीकडं न्यायला सांगितलं. केरबा पेशंटच्या पायाशी, तिच्याकडं तोंड करून बसलेला. त्यानं आपल्या डावीकडं नेली. पिशवी उलट्याच बाजूला गेली. बाई म्हणाल्या, इथं डावी म्हणजे पेशंटची डावी, स्वतःची डावी विसरून जायची.

केरबा विसरला.

दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्याच्या आवारात गाडी मागं घेत होत्या. त्यांनी केरबाला मागं उभं केलं आणि डावीकडं जागा आहे का ते विचारलं. केरबानं गाडीत वाकून बघितलं. गाडीत पेशंट नव्हता. पेशंट नाही म्हणजे डावी नाही. तो गप्प राहिला. गाडी पाण्याच्या टाकीवर आदळली.

बाई खाली उतरल्या. टाकीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. रागावल्या नाहीत, पण आवाज चढला. असं मुक्यासारखं उभं राहायचं नाही, त्यांनी बजावलं. अडलं तर अडलं म्हणायचं, गेलं तर गेलं म्हणायचं, आणि चांगलं मोठ्यानं, लांबच्या माणसाला ऐकू जाईल असं.

केरबाला फार वाईट वाटलं. बाईंचं नुकसान झालं होतं. त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली नाही. सुलाबाईला तो म्हणाला, आता बोलण्यात कमी पडणार नाही.

पुढचं ऑपरेशन इंदुमती खोत यांचं होतं. पिशवीत गाठी होत्या, पिशवी चांगलीच मोठी झाली होती. त्यांचे यजमान आप्पासाहेब दाराबाहेर बाकावर बसले होते. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

बाईंनी पिशवी वर ढकलायला सांगितली. केरबानं ढकलली. पिशवी जागची हलेना.

"अडलं," केरबानं लांबच्या माणसासाठी आवाज काढला. "बाई, अडलं. पुढं जाईना."

बाहेर आप्पासाहेब उभे राहिले.

बाईंनी शांतपणे सांगितलं, जरा मागं घ्या, मग कडेनं वर न्या. केरबानं तसं केलं. पिशवी अलगद वर सरकली. केरबाला इतका आनंद झाला की आवाज आपोआपच वाढला.

"गेली. बाई गेली."

बाहेर काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला.

आयाबाई धावत आत आल्या. पेशंटचे यजमान बेशुद्ध पडलेत, म्हणाल्या. बाईंनी त्यांना स्ट्रेचरवर घ्यायला लावलं. मग केरबाकडं न बघता त्या एकेक शब्द तोडून बोलल्या.

"केरबा, आता तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. हातातला दांडा घट्ट धरायचा. मी सोडा म्हणेन तेव्हाच पिशवी सोडायची. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही."

केरबानं मान हलवली. ही शिकवण त्याला पहिल्यांदाच पुरती कळली.

त्यानंतर ऑपरेशन सुरेख झालं. केरबाचा हात दगडासारखा स्थिर. बाईंनी पिशवी सगळीकडून मोकळी केली आणि ती दांड्यासकट खालच्या वाटेनं बाहेर आली. सिस्टर म्हणाल्या, ट्रेमध्ये ठेवा. केरबानं ठेवली नाही. बोललाही नाही. टाके घालता घालता बाई म्हणाल्या, नातेवाइकांना दाखवून या, मग तपासणीला पाठवायचीय. दाखवणं निराळं, सोडणं निराळं. केरबा वर हिरवं फडकं टाकून, दांडा आडवा धरून निघाला.

आप्पासाहेब शुद्धीवर येऊन बाकावर बसले होते. बायको सुखरूप आहे हे आयाबाईंनी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. ते थोडे हसलेही होते. केरबा त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं फडकं बाजूला केलं. आप्पासाहेबांचा चेहरा परत पांढरा पडला.

तेवढ्यात हातमोजे काढत बाई बाहेर आल्या. त्यांनी आप्पासाहेबांचा घाम बघितला, नाडी बघितली. कोपऱ्यात कँटीनवाला उभा होता. त्याच्याकडं वळून बाई म्हणाल्या,

"सोडा."

केरबानं खिट्टी फिरवली आणि आप्पासाहेबांच्या मांडीवर पिशवी सोडली.

सोडा मग बाईंनीच प्यायला.