मानाचे वळसे

त्या राज्यात तळं एकच होतं आणि तहान मात्र सगळीकडे होती. तळ्यापासून डोंगरमाथ्यावरच्या वस्तीपर्यंत एक वाट जायची. ती कोणी आखली नव्हती. पाण्याला निघालेल्या जनावरांच्या खुरांनी ती पडली होती, आणि तहानलेलं जनावर नाकासमोर चालतं म्हणून ती सरळ होती.

पुढे दरबाराला कळलं की आपल्या राज्यात एक वाट आहे आणि तिच्यावर आपलं नाव नाही. झालं! वाटेचा राज्यमार्ग झाला आणि मोजणीला सरडे आले. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. हे सरडे तर कुंपण दिसलं की रंगच बदलत. पहिल्याच दिवशी रेड्याने डोळे वटारून विचारलं, "रस्ता माझ्या डबक्यावरून जाणार नाही? मग मी या राज्यात आहे तरी कशाला?" सरड्यांनी माना डोलावल्या आणि रस्ता डबक्याकडे वळवला. रेड्याच्या दारात मानाचा दगड बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याने आपल्याजवळचं पाणी ओतून तो पुरता भिजवायचा आणि मगच पुढे जायचं, असा रिवाज पडला.

रेड्याचं झालं म्हटल्यावर हत्ती गप्प बसतो होय? हत्तीनंतर मोर आला आणि मोरानंतर त्याचे जावई. रेडा मेला, त्याचं डबकंही आटलं, पण वळसा राहिला. मेलेल्याचा वळसा काढणं म्हणजे त्याच्या श्राद्धाचं पान उचलण्यासारखं! प्रत्येक नवा कारभारी रस्त्याला नवं नाव देई, सरळ करतो म्हणून शपथ घेई आणि जाताना आणखी एक वळसा घालून जाई.

या सगळ्याचा भुरी गाढवीला मनस्वी वीट आला होता. माथ्यावरची विहीर कोरडी ठणठणीत, त्यामुळे तिथलं पाणी भुरीच वाहून नेई. त्या वस्तीत तिची थोरली बहीण काजळी आपल्या शिंगरांसह राहत असे. तळ्यावर काठोकाठ भरलेल्या घागरी दगड भिजवता भिजवता वर पोचेपर्यंत तळाला लागत. आडवाटेने जावं, तर ते पाणी चोरीचं ठरे.

"एवढंच का गं?" काजळी घागरीत डोकावून विचारी.

"माझ्याकडं काय बघतीस, अक्का? त्या दगडांना इचार! त्यांचीच तहान भागंना झालीय."

शेवटी भुरी दरबारात जाऊन उभी राहिली. तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं. पटायला काय जातंय? रस्ता सरळ व्हायलाच हवा, हत्ती म्हणाला, सुरुवात मोराच्या वळशापासून करा. मोराला हत्तीचा वळसा आधी काढावासा वाटला. जावयांनी सासऱ्यांकडे बघून मौन धरलं. हे गुऱ्हाळ दुपार कलेपर्यंत चाललं आणि भुरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वर पोरं पान्यावाचून मराया लागलीत," ती ओरडली, "आन् तुमी हितं मान कुरवाळत बसलाय! लाजा कशा वाटत न्हाईत?"

दरबार थक्क झाला. इतकं खरं बोलणारं जनावर राज्यात आहे आणि आपण त्याची दखलही घेतली नाही, याचं सगळ्यांना फार वाईट वाटलं. मग एकमताने ठराव झाला: भुरीचा गौरव करायचा. रस्ता तिच्या दारावरून वळवायचा.

भुरीने कपाळावर हात मारायचाच काय तो बाकी ठेवला. सरड्यांना तिने दोनदा लाथा झाडून हाकललंही. पण दगड बसला त्या दिवशी हत्ती स्वतः आला, त्याने सोंडेने दगडावर पाणी सोडलं आणि तिला ‘भुरीबाई’ म्हटलं. जन्मात तिला असं कोणी हाकारलं नव्हतं. शिवाय दगडवाल्याने ओझं वाहायचं नसतं, असंही तिला सांगण्यात आलं. पाठीवरचे वळ हळूहळू बुजले. संध्याकाळी ती दारात बसून रस्त्याकडे बघे आणि स्वतःशी म्हणे, इतरांच्या मानाने आपला वळसा तो केवढासा!

पाण्याला आता काजळी स्वतः खाली उतरू लागली.

उन्हाळा ऐन भरात होता. सगळी दारं करून काजळी शेवटच्या दारात, भुरीच्या दारात आली तेव्हा तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. घागरीच्या तळाशी ओंजळभर पाणी हलत होतं.

"भुरे, जाऊ दे मला तशीच," ती म्हणाली. "धाकटं कालपासून डोळं उघडंना झालंय."

"अगं अक्का, मी का तुला अडवतीय?" भुरी कळवळून म्हणाली. "पर रस्त्यावरनं चार जण बघत्यात. तूच सोडून गेलीस तर उद्या कोन थांबंल?"

 काजळीने घागर दगडावर कलती केली. पाणी पसरलं आणि तापल्या दगडावर चर्रकन आवाज झाला. घागर उपडी करून तिने शेवटचा थेंबही निथळू दिला.

दगडाची एक कड कोरडी राहिली होती. भुरीने त्या कडेकडे पाहिलं आणि मग काजळीकडे.