वाळूची शाळा

त्या रानात पाणी फक्त नदीला होतं, आणि पाण्यापर्यंत पोचायचं तर आधी वाळू वाचावी लागे. कोण येऊन गेलं, कोण दबा धरून बसलंय, सगळं वाळूवर उमटलेलं असे. ज्याला वाचता येत नसे, तो पाणी प्यायला जाई आणि तिकडचाच होई.

शिकवायला बगळेगुरुजी होते. पिल्लांनी ठसे मोठ्यानं वाचायचे, गुरुजींनी एका पायावर उभं राहून, डोळे मिटून मान डोलवायची, अशी रीत होती. खिरणी, मुंगसाची पोर, एकदा म्हणाली, "गुरुजी, न बघता तुम्हाला कळतं कसं?" त्याच दिवशी तिची शाळा सुटली.

मग रानात साळुंकी आली. ती फुकट शिकवायची. धुळीत ठसा काढायची, ओळखला की शिट्टी, चुकला की तोच पुन्हा. चिडणं नाही, चोच मारणं नाही. थोरल्यांनी आधी नाकं मुरडली. पण पोरं तिच्यापुढे गप्प बसतात म्हटल्यावर त्यांना ती भलतीच आवडली. पोरं तिच्या गळ्यात घालून ते सावलीत आडवे झाले. संध्याकाळी एवढंच विचारायचे, आज शिट्ट्या किती?

पोरं काय, बापांपेक्षा हुशार. ससा, हरीण, कोल्हा, तरस, एका दमात सगळी नावं घेतली की एक तरी लागतंच. साळिंदराच्या लेकानं अशा इतक्या शिट्ट्या मिळवल्या की आई त्याला घेऊन रानभर मिरवली. खिरणी मात्र एक ठसा शिकायची, नदीवर जाऊन खराखुरा शोधायची, आणि शंका घेऊन परत यायची. तिच्या शिट्ट्या सगळ्यांत कमी. साळिंदरीण म्हणे, शाळेतून काढलेली, दुसरं काय होणार.

उन्हाळा तापला. एका दुपारी सगळे तहानेनं काठावर आले, तर वाळूवर ताजे ठसे. वाचायचा मान अर्थातच साळिंदराच्या लेकाचा.

"कोल्हा," तो ठसक्यात म्हणाला. "चला."

"नखं दाखव," खिरणी म्हणाली. "कोल्ह्याची नखं उमटतात. हा बिबट्या आहे. त्या झुडपात शिरलाय, आणि बाहेर आलेला नाही."

थोरले खवळले. तुझ्या शिट्ट्या किती, आणि बोलतेस किती! पण पुढे पाऊल मात्र कोणी टाकेना.

"गुरुजींना विचारा," खिरणी म्हणाली. "त्यांनी एकदा डोळे उघडून सांगावं."

गुरुजींनी डोळे उघडले. वाळूकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग घसा कोरडा पडल्याचं सांगून पंख पसरले, सगळ्यांच्या डोक्यावरून गेले आणि नदीच्या मधोमध खडकावर उतरून पोटभर पाणी प्यायले.

शेवटी साळिंदरीणच हळूच पुढे आली. "पोरी, वरच्या अंगानं वाट असेल का गं?"

खिरणी मान खाली घालून निघाली. तिच्या मागोमाग, तिच्याच पावलांवर पाय ठेवत, सगळं रान. ती वाचत चालली होती: ससा, घोरपड, हरणाचं पाडस, कालचा साप, परवाचं तरस. पाणी येईपर्यंत तिनं अख्खी वाळू वाचली. बगळ्याचा ठसा एकही नव्हता, जुनासुद्धा.